षड्ज आणि फडके

वाद्याची निगा म्हणजे वाजवणे सोडून वाद्याशी घरात जे जे केले जाते ते सर्व. पुसणे, झाकणे, उन्हात ठेवणे, पावसाच्या भीतीने आत घेणे, पाहुण्यांच्या मुलांपासून वाचवणे, कपाटावर चढवणे आणि परीक्षेच्या आठवड्यात कपाटावरून उतरवणे या सगळ्या क्रिया तीत येतात. शिकाऊ वादकाच्या वाद्याला ही निगा मुरलेल्या वादकाच्या वाद्यापेक्षा कितीतरी जास्त मिळते. मुरलेल्याचे वाद्य रोज तासन्तास वाजते, त्यामुळे धुळीला त्यावर टेकायला सवड मिळत नाही. शिकाऊच्या वाद्यावर ती मांडी घालून बसते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे डोंबिवलीतले दोन खोल्यांचे एक घर नमुना म्हणून घेतले आहे. थोरली मुलगी पेटी शिकते, धाकटा मुलगा तबला. आईचा कॉलेजच्या दिवसांतला तानपुरा फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये उभा आहे. वडील अभियंता आहेत. ही शेवटची बाब वाद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची.

निगेचे हंगाम दोन. पहिला परीक्षेचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूच्या घरी पाणी भरून मिळणारी विद्या अभ्यासक्रमात बसवली. पुढे प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षांची शिडी उभी राहिली. तिच्या लेखी भागात वाद्याचे अंगवर्णन विचारतात. त्यामुळे चाट, लव, शाई, गजरा, वादी, गठ्ठे ही नावे आकृतीत बाण काढून अचूक लिहिणारा मुलगा घरी मात्र "आई, त्या काळ्या गोलावर आमटी सांडली" असे सांगत येतो.

दुसरा हंगाम खंडेनवमीचा. या दिवशी वाद्यांची पूजा होते आणि ती वाजवायची नसतात. एरवी वर्षभर न वाजणारी वाद्ये या एका दिवशी शास्त्राधाराने वाजत नाहीत, म्हणून घरात वातावरण प्रसन्न असते. पेटीच्या पट्ट्यांवर हळदकुंकू वाहिले जाते. ते पट्ट्यांच्या फटीतून आत उतरते आणि पुढच्या आषाढापर्यंत आतच राहते. तबल्यावर झेंडूचे फूल ठेवतात. त्याचा ओला देठ नेमका शाईवर टेकतो.

पेटी ही निगेसाठी सर्वांत मोहात पाडणारी, कारण तिला स्क्रू असतात. हार्मोनियम मूळचे युरोपातले. तिकडे ते खुर्चीत बसून, पायांनी भाता मारत वाजवत. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी केली आणि वाद्य सतरंजीवर आले. सतरंजीवर आल्याबरोबर ते झुरळांच्याही टप्प्यात आले. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, अशा तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवले होते. झुरळांनी ही बंदी एक दिवसही पाळल्याचे दिसत नाही.

पेटीचे अंतरंग समजायला सोपे आहे, आणि घात तिथेच होतो. पट्टी दाबली की तिच्या टोकाची झडप उचलते, भात्यातली हवा पितळी सुरातून वाट काढते आणि सुराची पाती थरथरते. पाती आणि तिची चौकट यांच्यात केसाएवढीच फट. तीत कण अडकला की सूर मुका होतो. हाच कण झडपेखाली बसला तर सूर बंदच होत नाही. पट्टीवरचा हात काढला, वादक उठून चहा प्यायला गेला, तरी भात्यात हवा असेतो तो आपला चालूच. संगीताच्या वर्गातही विद्यार्थ्यांचे हेच दोन प्रकार आढळतात, असे जुन्या शिक्षकांचे निरीक्षण आहे.

उपाय अगदी किरकोळ आहे. कोरडा मऊ ब्रश फिरवावा, पातीखालून पातळ कागद हलकेच सरकवावा, झाकण लावावे. पाती टोकाकडे खरवडली तर सूर चढतो, मुळाकडे खरवडली तर उतरतो. पेटीवाले याच युक्तीने पेटी सुरात लावतात. त्यासाठी त्यांनी उभी हयात घातलेली असते. वडिलांकडे रविवारची सकाळ होती.

पेटीला एकोणचाळीस पट्ट्या आणि सुरांच्या दोन ओळी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सूर. वडिलांनी ते सगळे सोडवले आणि जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. क्रम लक्षात राहावा म्हणून प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घातला. ही पद्धत निर्दोष होती. दहा वाजता आजोबा अंघोळ करून आले.

"आजचं शब्दकोडं कुठल्या पानावर आहे?"

"बाबा, हात लावू नका त्याला!"

"लावत नाही रे, नुसतं बघतो," असे म्हणून आजोबांनी पान ओढले.

सूर घरभर गेले. दोन सोफ्याखाली सापडले, एक आजोबांच्या चपलेत. आकडे पानावर होते आणि पान आजोबांच्या हातात. सकाळभर चौदा आडवे कोणते आणि चौदा नंबरचा सूर कोणता, हे दोन शोध शेजारीशेजारी चालले. सूर खर्जाकडून तारेकडे लांबीने कमी होत जातात, तेव्हा वडिलांनी मोजपट्टी आणली आणि संध्याकाळपर्यंत पेटी बंद केली. एकही स्क्रू उरला नाही, याचा त्यांना सार्थ अभिमान वाटला. फक्त मधल्या सप्तकातले शेजारशेजारचे दोन सूर, गंधार आणि मध्यम, लांबीत फारसा फरक नसल्याने एकमेकांच्या जागी बसले. तेही दोन्ही ओळींत, म्हणजे चूक करतानाही पद्धत सोडली नव्हती.

मंगळवारी शिकवायला बाई आल्या.

"मी भूप सांगितला होता. हा दुर्गा का वाजवतेस?"

"भूपच वाजवतेय, बाई."

"मग भूपात हा मध्यम कुठून आला?"

"बाबांनी बसवला."

भूपात सा, रे, ग, प, ध. त्यातला गंधार काढून मध्यम घातला की दुर्गा होतो. म्हणजे या पेटीवर भूप वाजवला की दुर्गा ऐकू येई आणि दुर्गा वाजवला की भूप. तार सप्तकात सूर जागच्या जागी होते, त्यामुळे तान वर गेली की राग आपोआप बदलायचा. बाईंनी दहा मिनिटे डोळे मिटून ऐकले आणि पेटीवाल्यांचा नंबर दिला. वडिलांनी तो घेतला नाही. "दोनच तर सूर आहेत, येत्या रविवारी बदलून टाकतो," असे ते म्हणाले आणि घरातील सर्वांनी मिळून स्क्रूड्रायव्हर लपवला.

झुरळ, कसर आणि उंदीर यांच्यासाठी पेटीत काहीतरी ठेवण्याची प्रथा आहे. कोणी कडुनिंबाचा पाला ठेवतात, कोणी कापूर, कोणी डांबरगोळ्या. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून एका कोपऱ्यात पक्क्या कराव्यात. हा नियम प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे, कारण त्याने विद्यार्थिदशेत चार गोळ्या सुट्याच टाकल्या होत्या. भाता मारला की त्या या भिंतीवरून त्या भिंतीवर जात. परीक्षकांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सुराचं बघू पुढे. ताल मात्र अंगात आहे." सदर लेखकाच्या संगीतजीवनातला हा एकमेव अनुकूल अभिप्राय होय.

तबल्याकडे वळताना प्रथम त्याची शाई पाहावी. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती चढवतात. या काळ्या वर्तुळामुळेच तबल्यातून नुसती थाप न निघता सूर निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांच्या या गुणावर लिहिले. शाईमुळे पुडीच्या, म्हणजे तबल्यावर ताणलेल्या कातड्याच्या, वरच्या कंपनांचा मूळ सुराशी मेळ बसतो, हे त्यांनी दाखवले. त्यांना नोबेल मिळायला अजून दहा वर्षे होती, आणि मिळाले ते प्रकाशावरच्या कामासाठी. तबल्यासाठी कोणाला काही मिळत नाही, याचा पुरावा म्हणून तबलजी हे उदाहरण देतात.

इतक्या नाजूक वस्तूला मराठीत शाई म्हणतात, ही भाषेची चूक मानावी लागेल. धाकट्याच्या तबल्याची शाई मधोमध फिकी दिसू लागली, तेव्हा त्याने नावावर विश्वास ठेवून फाउंटन पेनची दौत आणली. दोन ठिकाणी थेंब सोडले. तबल्याची शाई पाणी पिते आणि फुगते, वाळल्यावर तिचे कण सुटू लागतात. 'ना' वाजवला की निळे बोट आणि मातीच्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज, असे दोन्ही परिणाम मिळाले. तबल्याचे सर म्हणाले, "हे काय केलंस?" तो म्हणाला, "निगा." सरांनी हातोडी खाली ठेवली आणि काही वेळ खिडकीबाहेर पाहिले.

शाईवर बारीक भेगांचे जाळे असते, ते मुद्दाम ठेवलेले असते. त्यामुळेच कडक थर पुडीबरोबर हलू शकतो. ही माहिती वडिलांना वेळेवर मिळाली, म्हणून त्यांच्या हातातला डिंक वाचला. पावडरचे मात्र काही करता येत नाही. बोटे सरकावीत म्हणून तबलजी हाताला चिमूटभर पावडर लावतात. शिकाऊ तबलजी डबा उपडा करतो. पावडर, घाम आणि चिवडा खाऊन आलेल्या बोटांचे तेल यांचा जो लेप तयार होतो, तो कोरड्या सुती फडक्याने रोजच्या रोज पुसायचा असतो. रोजच्या रोज म्हणजे काय, हे धाकट्याने दोनदा विचारून घेतले.

तबल्याचा जोडीदार डग्गा बहुधा धातूचा असतो आणि आजीचा धातूशी संबंध देवघरापासूनचा. तांब्याचा डग्गा काळवंडलेला पाहून तिने तो चिंच आणि मिठाने घासला. समई घासावी तसा, बाहेरून निघेल तेवढा, आणि मग नळाखाली धरला. भांडे सोन्यासारखे निघाले. वादी भिजून लोंबली, पुडी पापड भिजवल्यासारखी मऊ झाली आणि घुमारा गेला. तेव्हा आजीनेच दुसरा उपायही केला, डग्गा पापडांशेजारी गच्चीत वाळत घातला. कातडे उन्हात झपाट्याने आकसते. दुपारी तीनच्या सुमारास गच्चीतून एक आवाज आला. वर्षभरात त्या डग्ग्यातून निघालेला तो सर्वांत दमदार ध्वनी होता, असे खालच्या मजल्यावरच्यांनी नंतर सांगितले.

"पण भांडं बघ कसं लखलखतंय," आजी म्हणाली. यात वादाला जागा नव्हती.

पुडी फुटून नुसते भांडे शिल्लक राहिले म्हणून आजीने पुढे काही दिवस त्यात छत्र्या ठेवल्या. चुंबळ म्हणजे तबल्याखालचे कापडी कडे. त्याची निगा राखावी लागत नाही, ते फक्त शोधावे लागते. ते बहुधा मांजराखाली असते.

तबला सुरात लावण्याची हातोडी घरात उघडी ठेवू नये. दाहिन्याला, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याला, आठ गठ्ठे असतात. गठ्ठा खाली ठोकला की सूर चढतो, वर ठोकला की उतरतो. पावसाळ्यात पुडी आपोआप उतरते आणि शिकाऊ वादक रोज थोडी थोडी चढवतो. पाऊस संपून कोरडी हवा सुटली की पुडीही चढू लागते, पण वादकाचा हात सवयीने ठोकतच राहतो. दिवाळीच्या आसपास पुड्या फुटण्याचे प्रमाण वाढते ते यामुळे. फटाक्यांच्या आवाजात ते कोणाच्या लक्षात येत नाही, एवढाच दिलासा.

तानपुरा मिरजेचा होता. मिरजेत तंतुवाद्ये बनवणारी शिकलगरांची घराणी आहेत. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या या लोकांनी एकोणिसाव्या शतकात तारेला हात घातला आणि मिरजेची ख्याती देशभर केली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. म्हणजे विठोबाच्या शेजारी वाढलेला भोपळा मिरजेला घडतो आणि डोंबिवलीला फ्रिजशेजारी उभा राहतो. त्याच्या गवसणीवर वीजबिल, दुधाचा हिशोब आणि लग्नपत्रिका खोचून ठेवायला चांगली जागा असते. मराठीत आकाशाला गवसणी घालतात असे म्हणतात. तानपुऱ्याला घातलेली गवसणी काढणे त्याहून अवघड जाते.

परीक्षेच्या निमित्ताने गवसणी निघाली आणि आईने तानपुरा स्वतः पुसायला घेतला. खुंट्या सरकत होत्या, त्यांना खडू लावला. हे बरोबर. तारा कोरड्या फडक्याने पुसल्या, कारण बोटांच्या घामाने पोलादी तारेला गंज चढतो. हेही बरोबर. मग मदतीला आलेल्या मावशीने घोडीकडे पाहिले. प्रत्येक तारेखाली एकेक सुताचा तुकडा अडकलेला होता.

"काय गं हे, किती धागे अडकलेत!" मावशी म्हणाली आणि चारही काढून टाकले.

त्या धाग्यांना वादक जीव म्हणतात, आणि नाव उगाच पडलेले नाही. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार जिथे हलकेच घासते, तिथेच हा धागा मागेपुढे सरकवून जवारी खुलवतात. तो नेमक्या जागी असला की एकाच तारेतून सूर भुंग्यासारखा गुंजत राहतो. धागे निघाल्यावर तानपुरा छेडला तेव्हा साडीची निरी सरळ करावी तसा सपाट, व्यवहारी आवाज आला. आईचे डोळे भरले. मावशी म्हणाली, "स्वच्छ वाजतोय की!" तिची नजर आता तारांतल्या मण्यांवर होती. घोडीखालचे हे मणी इकडेतिकडे करून सूर बारकाईने मिळवतात. मावशीने त्यांतला एक "सैल आहे" म्हणून ओढून पाहिला, जुनी तार तुटली, आणि मणी उडाला.

मणी शोधण्याला तीन दिवस लागले आणि तो सापडला नाही. या काळात घराची जी स्वच्छता झाली ती दिवाळीलाही होत नाही. सोफ्याखाली पेटीचा एक जुना स्क्रू मिळाला. तो कुठला, याची वडिलांनी चौकशी होऊ दिली नाही. दरम्यान मुलीने मोबाइलमध्ये तानपुऱ्याचे अ‍ॅप घेतले. त्याला जवारी, मणी, खुंट्या, झुरळे यांपैकी काहीच नसते. निगा एकच, चार्जिंग. मात्र भर रियाजात पंचम चालू असताना काकूंचा फोन येतो, ही उणीव अद्याप दूर झालेली नाही.

बासरी आणि व्हायोलिन यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. बासरीत फुंकरीची वाफ साठते, ती काडीला गुंडाळलेल्या फडक्याने टिपावी. कोरड्या हवेत बांबू चिरतो, म्हणून अधूनमधून तेलाचा हात द्यावा. हात द्यावा, अंघोळ घालू नये. चुलत भावाने बासरी रात्रभर तेलात बुडवली, सकाळी तोंडाला लावली आणि त्या दिवशी नाश्ता केला नाही. व्हायोलिनच्या गजाच्या केसांना राळ चोळावी लागते. राळेनेच केस तारेला पकडतात. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या आजीने गजावरची पांढरी धूळ पाहिली, ते घोड्याच्या शेपटीचे केस आहेत हे ऐकले आणि कोरडे पडलेत म्हणून त्यांना खोबरेल लावले. गज तारांवरून निःशब्द फिरू लागला. इमारतीतल्या तिघांनी स्वतंत्रपणे तेलाचे नाव विचारले.

दुरुस्ती हा निगेचा शेवटचा टप्पा. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा घरच्यांनी बाईंकडून नंबर मागून घेतला आणि पेटीवाले काका आले. हे गृहस्थ पेटी उघडण्यापूर्वी तिला नुसते हलवतात आणि कानाने आतली यादी करतात.

"कोणी उघडली होती?"

"नाही बुवा," वडील म्हणाले.

"वाजवतं कोण?"

याचे उत्तर लगेच आले नाही. काकांनी झाकण काढले. आत कुंकू होते, कडुनिंबाची वाळलेली पाने होती, खोडरबर होते, मागच्या परीक्षेची फीची पावती होती. त्यांनी गंधार-मध्यम जागच्या जागी बसवले, ब्रश फिरवला, दोन झडपांना नवे कातडे लावले, आणि मग तपासून पाहायला म्हणून मांडी ठोकून दहा मिनिटे वाजवले. भूप भूपासारखा वाजला. शेजारच्या काकू दारात येऊन मुलीला म्हणाल्या, "प्रगती आहे हं तुझी!" मुलीने खाली मान घालून थँक्यू म्हटले.

"वाजवत राहा, म्हणजे मला बोलवावं लागणार नाही. पडून राहिली की बिघडते," काका पैसे मोजत म्हणाले. वडिलांनी ही सूचना वहीत लिहून घेतली आणि पेटीवर लगेच गवसणी चढवली, धूळ बसू नये म्हणून. जाता जाता काकांनी खिशातून एक पांढरा मणी काढला.

"हा खर्जाच्या बाजूला अडकला होता. पेटीचा नाही."

मणी परत ओवायचा तर तानपुऱ्याला नवी तार चढवावी लागते, आणि ते काम परीक्षेनंतरवर गेले आहे. तूर्त तो देव्हाऱ्यात शंखाशेजारी आहे. खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू लागले.